ऑनलाइन मित्रांमधली गमतीची प्रश्नोत्तरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रांच्या ग्रुपवर भलतेसलते प्रश्न टाकणाऱ्यांसाठी, त्यांना तितकीच भलती उत्तरं देणाऱ्यांसाठी आणि हा सगळा धुडगूस नुसता वाचत बसणाऱ्यांसाठीसुद्धा.

गमतीची प्रश्नोत्तरं म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या गप्पांपेक्षा ती वेगळी कशी?

कुणीतरी असा प्रश्न टाकतं, ज्याच्या उत्तरावाचून कुणाचंच काही अडलेलं नसतं. "दगडाला स्वप्न पडत असेल तर कसलं?" असला काहीतरी. मग उत्तरं यायला लागतात. एखादा मूळ प्रश्नातच खोट काढतो ("आधी त्याला झोप लागते हे कुणी ठरवलं?"), त्यावर तिसरा नवा प्रश्न करतो, आणि बघता बघता मेसेजची रांग लागते. माहिती म्हणाल तर शून्य. पण सगळे जण मनापासून हजर असतात.

साध्या गप्पांत माणूस आपल्याकडचं काही सांगतो. इथे कुणीतरी आधी दुसऱ्याला बोलायला जागा करून देतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी माझ्या मते हीच गोष्ट आहे. प्रश्न विचारणाऱ्याने समोरच्याला चमकण्याची संधी द्यायची असते. स्वतःची हुशारी दाखवायला प्रश्न विचारला की तो लगेच ओळखू येतो आणि त्याखाली शुकशुकाट पसरतो.

चांगला प्रश्न कसा ओळखायचा?

उत्तर देणाऱ्यासमोर किती वाटा उघडतात ते बघा. "तुझ्यावर चित्रपट निघाला तर नाव काय असेल?" हा प्रश्न वाईट नाही, पण त्याला एका शब्दाचं उत्तर येतं आणि तिथेच तो संपतो. त्यातच जरा बदल करा : "तुझ्यावर चित्रपट निघाला तर मध्यंतर कुठे होईल?" आता हे बघा :

— "'पाच मिनिटांत पोचतोय' असं मी फोनवर म्हणालो, तिथे."
— "आणि उत्तरार्ध?"
— "अजून पोचलो नाही."
— "आम्ही केव्हाचे थिएटरात बसलोय."

'मध्यंतर' आल्याबरोबर प्रत्येकाला आपल्या आयुष्यातलं एखादं वळण शोधावं लागलं. पहिल्याने स्वतःचीच खोड पुढे केली, म्हणजे कुणाला बोचायचा प्रश्न उरला नाही. दुसऱ्याने फक्त दोन शब्द लिहिले, पण पुढचं उत्तर त्या दोन शब्दांमुळेच आलं. तिसऱ्याने तर सगळ्या ग्रुपला त्या गमतीत ओढून घेतलं. चार ओळींत तिघांना काम मिळालं. मला तरी चांगल्या प्रश्नाची याहून मोठी कसोटी ठाऊक नाही.

फार मोठा प्रश्न फसतो. "आयुष्याचा अर्थ काय?" म्हटलं की लोक एकतर गंभीर होतात नाहीतर गप्प बसतात. प्रश्नाला चौकट हवी आणि चौकटीच्या आत मोकळीक हवी. लिफ्ट, चित्रपट, हरवलेली छत्री, शेवटची दहा टक्के बॅटरी अशा सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी घेतल्या की उत्तर देणाऱ्याला पहिलं पाऊल टाकणं सोपं जातं.

माणसं निवडायला लावणारे प्रश्न मात्र जपून. "आपल्यात सगळ्यात आळशी कोण?" विचारलंत की कुणाला तरी आरोपी करण्याची सोय झाली. "लिफ्टमध्ये अडकलास तर आपल्यातलं कोण सोबत हवं आणि का?" विचारलंत तर तेच सगळे आपापल्या गुणांनिशी पुढे येतात. एकाने त्यावर लिहिलं होतं, "ज्याच्या फोनला चार्जिंग असतं तो", आणि खालून आवाज आला, "म्हणजे तू सोडून कुणीही."

उत्तर गमतीदार कशाने होतं?

याला सूत्र नाही, पण काही वाटा पुन्हा पुन्हा चालतात.

एक म्हणजे प्रश्न अक्षरशः घेणं. "अदृश्य होता आलं तर पहिलं काय करशील?" या प्रश्नाला ग्रुपवर कधीच न बोलणाऱ्या माणसाने उत्तर द्यावं, "जे आत्ता करतोय तेच."

दुसरी वाट म्हणजे क्षुल्लक गोष्टीला नको इतकं गांभीर्य देणं. आपल्या भाषेत यासाठी सरकारी पत्रव्यवहाराचा साठा तयारच आहे. "माझा चार्जर कुणी नेला?" या प्रश्नाला "कुणास ठाऊक" असं उत्तर देता येतं. किंवा असंही देता येतं : "आपला अर्ज प्राप्त झाला असून तो योग्य त्या कार्यवाहीस्तव गहाळ करण्यात आला आहे." दुसऱ्या उत्तरावर मूळ तक्रारदारही अपील करायला येतो, आणि मग कुणी लिपिक होतं, कुणी साहेब, कुणी दुपारच्या सुट्टीवर जातं. हा खेळ तासभर टिकू शकतो.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते : जुनं उत्तर पुन्हा वर काढणं. परवाच्या दगडाच्या स्वप्नाचा विषय संपलेला असतो. आज कुणीतरी विचारतं, "रात्री कुणाला झोप लागली नाही?" आणि उत्तर येतं, "मला आणि दगडाला." त्या तीन शब्दांत त्या दिवशी हजर असलेले सगळे जण असतात. अशी उत्तरं लक्ष देऊन वाचणाऱ्यालाच सुचतात.

लिहिताना एक साधी गोष्ट पाळा : गमतीचा शब्द शेवटी येऊ द्या. "चार्जर हाच माझं सगळं ऐकून घेणारा एकमेव जण आहे" हे वाक्य मधेच संपतं, पुढचं नुसतं शेपूट. "माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच आहे, चार्जर" असं लिहिलं की ते नीट जागेवर बसतं. मराठीत शब्दांचा क्रम हवा तसा फिरवता येतो, त्याचा फायदा घ्या.

मला पटकन काही सुचत नाही. बाकीचे फार हजरजबाबी आहेत. मी भाग कसा घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणाऱ्यांना मला मनापासून दिलासा द्यावासा वाटतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने लोक रोजच्या बोलण्यात केव्हा हसतात याच्या शेकडो नोंदी केल्या. विनोद म्हणता येईल असं काही बोललं गेल्यावर आलेलं हसू त्यांत वीस टक्क्यांहून कमी निघालं. बाकीचं हसू "बरं, भेटू मग" इतक्या साध्या वाक्यांवर आलेलं होतं. त्याच्याच नोंदींप्रमाणे माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो. म्हणजे हसू बहुतेक वेळा वाक्यामुळे येत नाही, सोबतीमुळे येतं. प्रत्येक वेळी षटकार मारायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

तुम्हाला उत्तर सुचत नसेल तर दुसऱ्याच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारा. "मग?", "आणि छत्रीचं काय झालं?", "हे तुझ्या घरी माहीत आहे का?" एवढंही पुरतं. २०१७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संभाषणात जास्त प्रश्न विचारणारी, आणि त्यातही समोरच्याच्या बोलण्याला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं इतरांना अधिक आवडतात, असं त्यात दिसलं. वरच्या चित्रपटाच्या संवादातली दुसरी ओळ आठवा. ती लिहिणाऱ्याने विनोद केलाच नव्हता.

लिहिलेली थट्टा समोरच्याला थट्टा म्हणून कळते का? प्रत्येक वेळी हसरा चेहरा लावायलाच हवा का?

आपल्याला वाटतं तितकी कळत नाही. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एपली या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली. आपला सूर वाचणाऱ्याला साधारण ७८ टक्के वेळा ओळखता येईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून पाठवलेली वाक्यं ७३ टक्के वेळा बरोबर ओळखली गेली, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलने पाठवलेली मात्र ५६ टक्केच. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नास टक्के बरोबर आले असते! लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज चालू असतो, म्हणून तो अक्षरांतही उतरला असं आपण धरून चालतो.

हसऱ्या चेहऱ्याचा जन्मही अशाच एका प्रश्नोत्तरांच्या फेरीतून झाला. ती गोष्ट सविस्तर सांगायला हवी. साल १९८२. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली संगणक विभागाची मंडळी संगणकावरच्या सामायिक सूचनाफलकावर एकमेकांना कोडी घालत होती. विषय होता लिफ्ट. लिफ्टची दोरी तुटली आणि ती खाली कोसळायला लागली, तर आत जळत असलेल्या मेणबत्तीचं काय होईल? जमिनीवर पडलेल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय? प्रश्नांवर उपप्रश्न निघत होते. त्यात एकाने गंभीर चेहऱ्याने इशारा लिहिला : नुकत्याच झालेल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे सगळ्यात डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आगीनेही थोडं नुकसान झालं आहे.

ज्यांनी आधीची प्रश्नोत्तरं वाचली होती त्यांना गंमत कळली. ज्यांनी फक्त तो एक इशारा वाचला त्यांतल्या काहींना तो खरा वाटला. मग थट्टेला खूण कशी करायची यावरच चर्चा सुरू झाली, वेगवेगळी चिन्हं सुचवली गेली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि बंद कंस यांचा आडवा पडलेला हसरा चेहरा सुचवला. थट्टा नसलेल्या मजकुरासाठी उलट्या कंसाचा नाराज चेहराही त्यांनीच दिला. तो मूळ मजकूर २००२ मध्ये जुन्या टेपांवरून शोधून काढण्यात आला.

आजही घोटाळा होतो तो तसाच. मधेच आलेला माणूस शंभर मेसेज वर जाऊन वाचत नाही, त्याला तुमचं शेवटचं वाक्यच दिसतं. म्हणून माझं मत असं : जवळच्या तिघा-चौघांत चेहरा लावला नाही तरी चालतं. ग्रुप मोठा असेल, कुणी नवं असेल किंवा विषय आरोपासारखा वाचता येण्याजोगा असेल, तर लावा. त्याने विनोदाची धार जाते असं म्हणणारे भेटतात. गेली तर जाऊ दे थोडी, माणूस तरी दुखावत नाही.

खूण फक्त चेहऱ्यानेच होते असंही नाही. एरवी 'तू' म्हणणारा मित्र अचानक "आपण हे कोणत्या अधिकारात विचारत आहात?" असं लिहू लागला की खेळ सुरू झाल्याचं सगळ्यांना समजतं. ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्राणिसंग्रहालयात माकडांची लुटुपुटीची मारामारी पाहिली आणि त्याला प्रश्न पडला, की चावा घेतल्यासारखं करणारं माकड 'हा खेळ आहे' हे दुसऱ्याला कळवतं कसं? तशी काहीतरी खूण असल्याशिवाय खेळ होऊच शकत नाही, हे त्याने नंतर आपल्या निबंधात मांडलं. प्रत्येक ग्रुपची अशी खूण हळूहळू घडत जाते.

चिडवायचं कुठवर?

ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. अनेक समाजांत काही नाती अशी असतात, की त्यात एकाने दुसऱ्याची थट्टा करायची मुभा असते, कधी कधी ती करावीच लागते, आणि दुसऱ्याने राग धरायचा नसतो. ही मुभा नात्याबरोबर येते. ऑनलाइन मैत्रीत ती कुणाकडून आपोआप मिळत नाही, एकेका माणसाकडून वेगवेगळी मिळवावी लागते. तुमचं आणि माझं जमतं, म्हणून तुमच्या मैत्रिणीची फिरकी घ्यायला मी मोकळा होत नाही.

माणसाच्या सवयीची थट्टा खुशाल करा. सात-सात मिनिटांचे आवाजी मेसेज पाठवणं, प्रत्येक फोटोत अंगठा येणं, 'निघालो' म्हणून अंघोळीला जाणं, या सगळ्यांवर तो स्वतःही हसतो, कारण मनात आणलं तर त्या सवयी बदलता येतात. रंग, वजन, टक्कल, पगार, लग्न, मूलबाळ, गेलेली नोकरी, आजारपण, जात, धर्म यांच्या वाटेला जाऊ नका. इथे मी कुठलीही सूट देणार नाही.

"पण तो स्वतःच आपल्या टकलावर विनोद करतो!" करू दे. तो करतो तेव्हा कुठे थांबायचं ते त्याच्या हातात असतं. तुम्ही केलात की ते त्याच्या हातातून गेलं.

आमच्या ग्रुपमध्ये एकाच माणसाची नेहमी खेचली जाते. तो हसतोही. मग काय बिघडलं?

बिघडत असतं, फक्त दिसायला वेळ लागतो. याक पँकसेप या मेंदुशास्त्रज्ञाने उंदरांच्या दंगामस्तीचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यात एक गोष्ट त्याने नोंदवली : जोडीतला एक उंदीर दादागिरीवर आला आणि दर वेळी आपणच वरचढ ठरू लागला, की खेळ हळूहळू ओसरतो. हरणाऱ्याला खेळायची हौस राहत नाही. तुमच्या ग्रुपमधला तो माणूसही आधी उत्तरं आखडती घेईल, मग नुसता हसरा चेहरा टाकेल, मग दिसेनासा होईल, आणि "अलीकडे हा बोलत नाही" याचं सगळ्यांना नवल वाटेल.

उपाय सोपा आहे. त्याला प्रश्न विचारणारा करा. "आजचा प्रश्न तुझा" एवढं म्हणा आणि त्याच्या प्रश्नाला सगळ्यांनी जीव तोडून उत्तरं द्या. आणि पुढच्या खेपेला कुणी त्याची कळ काढलीच, तर उत्तर त्याच्या बाजूने द्या. एका माणसाने बाजू बदलली तरी वारं फिरतं.

मस्करीची कुस्करी झाली. आता काय करू?

"अरे गंमत केली, एवढं काय मनावर घेतोस" हे वाक्य लिहू नका. त्यातून चूक पुन्हा त्याच्याच पदरात पडते. ग्रुपवर एक ओळ लिहा : "माझं मघाचं बोलणं जरा जास्तच झालं, माफ कर." कारणं नकोत. बाकीचं त्याला वेगळं गाठून बोला.

मेसेज गुपचूप बदलूही नका. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण तो बदलल्याची नोंद तिथे दिसते आणि दुखावलेल्याने मूळ वाक्य वाचलेलंच असतं. याच सोयीचा आणखी एक गैरवापर होतो : उत्तरं आल्यावर मूळ प्रश्न बदलून टाकायचा, म्हणजे सगळ्यांची उत्तरं वेडगळ दिसतात. एकदा हसू येतं खरं. त्यानंतर तुमच्या प्रश्नाला कुणी बिनधास्त उत्तर देत नाही.

मी प्रश्न टाकला आणि कुणीच उत्तर दिलं नाही. लोकांना राग आला असेल का?

बहुधा नाही. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागसुद्धा पुरतो, असं दहा भाषांच्या एका अभ्यासात २००९ मध्ये दिसलं होतं. इतक्या वेगाची सवय असलेल्या आपल्या मनाला ऑनलाइनची दहा मिनिटं नकारासारखी भासतात. समोरचा माणूस गाडी चालवत असतो, एवढंच. संध्याकाळी पुन्हा बघा. तरीही शांतता असेल तर तोच प्रश्न एका ठरावीक माणसाला नाव घेऊन विचारा. सगळ्यांना विचारलेला प्रश्न पुष्कळदा कुणालाच विचारल्यासारखा होतो.

वयाने मोठ्या माणसांना असले प्रश्न विचारावेत का?

जरूर विचारावेत. पण अहो-जाहो सोडू नका, अर्धी मजा त्यातच आहे.

— "ताई, तुम्ही भूत झालात तर पहिल्यांदा कुणाच्या घरी जाल?"
— "तुझ्या. पण आधी फोन करून येईन. तुझ्यासारखी न कळवता नाही."

ज्यांना 'काका' म्हणता त्यांना प्रश्नाचं शेवटचं उत्तर देऊ द्या, लगेच त्यावर कुरघोडी करू नका. त्यांनी स्वतःहून "अरे, तू म्हण मला" म्हटलं तर आनंदाने 'तू'वर या. स्वतःहून मात्र कधी घसरू नका.

नेहमीच्या प्रश्नांचा कंटाळा आला. दुसरे खेळ आहेत का?

वीस प्रश्न हा जुना खेळ लिहून खेळायला फार छान आहे. एकाने मनात वस्तू धरायची, इतरांनी फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे वीस प्रश्न विचारायचे. लोक हरतात, कारण ते पहिल्याच प्रश्नात "पुस्तक आहे का?" असं विचारून बसतात. नाही म्हटलं की एकच वस्तू बाद झाली. "हातात मावते का?" विचाराल तर हो म्हणा वा नाही, जवळपास निम्मं जग बाजूला होतं. दर प्रश्नाला उरलेल्याचे बरोबर दोन भाग करता आले, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतून एक शोधता येते. हे जमायला लागलं की खेळाचा रंगच पालटतो.

दुसरा खेळ आधी उत्तर, मग प्रश्न. एकाने उत्तर टाकायचं : "हो, पण फक्त मंगळवारी." बाकीच्यांनी त्याला शोभेल असा प्रश्न शोधायचा. "सोमवारी 'उद्यापासून नक्की' म्हणणारे लोक खरंच सुरू करतात का?" हा मी पाहिलेला सगळ्यात देखणा प्रश्न. इथे हुशार उत्तर द्यायचं दडपण कुणावरच नसतं, म्हणून अबोल माणसं यात खुलतात.

आणि प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यायचं, विधान केलं की बाद, हा खेळ दोघांतच खेळा. चौघांत त्याचा विचका होतो.

"तुमची पहिली शाळा कोणती?" छापाच्या साखळी प्रश्नावल्या भरायला हरकत आहे का?

हरकत आहे. पहिली शाळा, पाळीव प्राण्याचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव हे पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला विचारले जाणारे प्रश्न आहेत. "तुमच्या पहिल्या गाडीचं नाव आणि जन्ममहिना जोडा, हे तुमचं राजेशाही नाव" अशी गंमत दिसायला निरुपद्रवी असते, पण त्यातून हीच माहिती अनोळखी लोकांपर्यंत पोचू शकते. भरायचीच हौस असेल तर धडधडीत खोटी उत्तरं द्या. ती जास्त मजेदारही होतात.

थट्टेत कुणी खरंच काही बोलून गेलं तर?

याकडे सगळ्यांनी लक्ष द्यावं असं मला फार वाटतं. प्रश्न असतो, "एक दिवस सुट्टी मिळाली तर कशापासून घ्याल?" उत्तरं येतात : साहेबापासून, गजरापासून, या ग्रुपपासून. त्यातच एक उत्तर येतं, "स्वतःपासून." त्यावरही पाच हसरे चेहरे पडतात आणि गाडी पुढे जाते.

कदाचित ती नुसती चपखल कोटी असेल. पण तो माणूस एरवी असं बोलत नसेल, गेले काही दिवस रात्री-अपरात्री ऑनलाइन दिसत असेल, त्याची उत्तरं तुटक झाली असतील, तर ग्रुपवर काही न बोलता त्याला वेगळा मेसेज करा. "तुझं मघाचं उत्तर वाचलं. गंमत असेल तर छानच. नसेल तर मी जागा आहे, फोन करू?" इतकंच. सल्ला देऊ नका, खोदून विचारू नका. गंमत होती असं निघालं तर काहीही नुकसान झालेलं नाही. आणि बोलणं जिवावर बेतेल इतकं गंभीर वाटलं तर गुप्तता वगैरे बाजूला ठेवून त्याच्या घरच्या किंवा जवळच्या माणसाला लगेच कळवा, तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

फार मजेशीर प्रश्नोत्तरं झाली. स्क्रीनशॉट बाहेर टाकू का?

ज्यांची ज्यांची वाक्यं त्यात आहेत त्या सगळ्यांना विचारून. एक जरी 'नको' म्हणाला तरी नाही.

प्रश्न एआयकडून तयार करून घेतले तर?

अडलात तर घ्या, त्यात गैर काही नाही. पण त्याला तुमच्या मित्राची हरवलेली छत्री आणि दगडाचं स्वप्न माहीत नसतं. तो प्रश्न कुणालाही विचारता येईल असा येतो. त्यात आपल्या माणसांपुरता एखादा शब्द तरी बदला आणि मगच टाका.

ग्रुपमध्ये नवा माणूस आलाय. त्याला आमचे जुने संदर्भ कळत नाहीत. सगळं समजावून सांगायचं का?

समजावलेली गंमत उरत नाही, तेव्हा तो खटाटोप करू नका. पण त्याच्यासमोर तासन् तास जुन्याच कोट्या करत बसणंही बरं नाही. त्याला पहिल्याच दिवशी असा प्रश्न विचारा, की ज्याचं उत्तर फक्त तोच देऊ शकेल आणि ज्यात बरोबर-चूक काही नसेल. "आमचे मेसेज वाचून आमच्यात सगळ्यात जास्त वेळा छत्री कोण हरवत असेल असं वाटतं?" हा चांगला आहे. त्याचा अंदाज साफ चुकला तर जुने लोक आपणहून खरा इतिहास सांगायला धावतात, आणि बरोबर आला तर छत्रीवाला स्वतः हजर होऊन विचारतो, "तुला कुणी सांगितलं?"